रूट केलेल्या फोनवर व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग : पवन मावळातला अनुभव

४जीच्या जाळ्यावर साधा कॉल दोन वाटांनी जातो. एक तर तो आयएमएस या यंत्रणेतून डेटाच्या रूपातच जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. नाहीतर कॉलपुरता फोन २जी किंवा ३जीवर उतरतो. हीच आयएमएस यंत्रणा घरच्या ब्रॉडबँडवरूनही गाठता येते, त्याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात. तेव्हा फोन वाय-फायमधून कंपनीच्या दारापर्यंत कूटबद्ध जोडणी करतो, सिम कार्डावरून ओळख पटवतो आणि नेहमीच्याच नंबरवरून कॉल लागतो. समोरच्याला फरक कळत नाही. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली ती फक्त ४जीवर, त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनवरून जिओचा कॉल करायला वेगळं अ‍ॅप घ्यावं लागे. वाय-फाय कॉलिंग एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर.

मावळात या सोयीची गरज डोंगरांमुळे आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता, एक्स्प्रेसवे आणि रेल्वे लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत एकाच पट्ट्यातून जातात आणि टॉवरची दाटीही त्याच पट्ट्यात आहे. लोहगड-विसापूरच्या दक्षिणेला पवन मावळ, पट्ट्याच्या उत्तरेला नाणे मावळ आणि आंदर मावळ. मध्ये कातळाच्या रांगा. रांगेआडच्या वाडीत रेंज ओट्याच्या एखाद्या कोपऱ्यात येते आणि दगडी भिंतीआड गेलं की जाते. अशा घरात फायबरचं ब्रॉडबँड पोहोचलं असेल तर वाय-फाय कॉलिंगसारखा दुसरा उपाय नाही.

पवन मावळात तिकोना किल्ल्याच्या बाजूच्या एका घरात ब्रॉडबँड होतं, पण नात्यातल्या माणसाने अमेरिकेहून आणलेल्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगचं बटणच दिसत नव्हतं. नंबर लावला की वरच्या पट्टीतलं ४जी जाऊन २जी येई, काही क्षण शांतता आणि मग कॉल तुटे. त्याच सिमवर घरातल्या दुसऱ्या, इथेच विकत घेतलेल्या फोनवरून खोलीत बसून व्यवस्थित बोलता येत होतं. म्हणजे सिम ठीक होतं, सेवा चालू होती. अडसर फोनमध्ये होता.

हा अडसर सहसा यंत्राचा नसतो, यादीचा असतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक मोबाइल कंपनीसाठी सेटिंगांचा एक संच असतो आणि त्यात व्होल्टी, वाय-फाय कॉलिंग, व्हिडिओ कॉल उपलब्ध आहेत की नाहीत याच्या नोंदी असतात. सिमवरचा कंपनीचा क्रमांक यादीत सापडला नाही तर बटण दाखवलंच जात नाही. भारतात हे क्रमांक दूरसंचार परिमंडळागणिक बदलतात. एअरटेलचा महाराष्ट्र व गोवा परिमंडळाचा क्रमांक ४०४-९०, मुंबईचा ४०४-९२. आणि लोणावळा-मावळ महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतं. क्वालकॉमच्या चिपवर आणखी एक दार असतं: मोडेमच्या आत कंपनीनुसार वेगळी प्रोफाइल असते, तिला एमबीएन म्हणतात. दोन्ही दारं उघडल्याशिवाय आयएमएसवर नोंदणी होत नाही. ज्या माणसाने फोनचे पूर्ण पैसे मोजले, त्याच्या फोनमधली चालू शकणारी सोय केवळ यादीत नाव नाही म्हणून बंद राहावी, हे योग्य नाही. सर्वांसाठीची एक साधी प्रोफाइल उपलब्ध असताना तर मुळीच नाही.

काम सोप्याकडून अवघडाकडे न्यावं. डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनांत चाचणीचा पडदा उघडतो आणि आयएमएसची नोंदणी झाली आहे की नाही ते तिथे दिसतं. शाओमीच्या अनेक फोनांत *#*#८६५८३#*#* ने व्होल्टीची आणि *#*#८६९४३४#*#* ने वाय-फाय कॉलिंगची कंपनी-तपासणी बंद करता येते. काही पिक्सेल फोनांवर शिझुकू या अ‍ॅपच्या मदतीने रूटशिवाय हे जमवणारी अ‍ॅपही निघाली. यातलं काही लागू पडलं नाही तरच रूटकडे, म्हणजे फोनच्या यंत्रणेवर पूर्ण ताबा मिळवण्याकडे वळावं, कारण त्यासाठी फोनचं कुलूप म्हणजे बूटलोडर उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो.

तिकोन्याच्या घरातल्या फोनवर शेवटी रूटच करावं लागलं. मूळ बूट फाइल मॅजिस्क या रूटच्या साधनाने बदलून परत चढवली. त्यानंतरचं पहिलं काम सेटिंग बदलण्याचं नाही, मोडेमच्या विभागांची प्रत काढण्याचं असतं. मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ आणि एफएसजी या विभागांत त्या हँडसेटची रेडिओची जुळणी असते. ते बिघडले तर आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक दिसेनासा होऊन फोन जाळ्यावर चढतच नाही. स्वतःच्या फोनची स्वतःची प्रत परत भरणं वेगळं आणि आयएमईआय बदलणं वेगळं. दूरसंचार कायदा २०२३ नुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या मॉडेलच्या मोडेम फाइल भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

प्रत संगणकावर ठेवल्यावर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग उपलब्ध धरण्याच्या ओळी घालून त्यांची किंमत १ केली. फोन पुन्हा सुरू झाल्यावर बटणं दिसली, पण नोंदणी होईना. दुसरं दार बंदच होतं. रूटमुळे मोडेमपर्यंत पोहोचण्याचा डायग पोर्ट उघडता आला आणि क्वालकॉमच्या पीडीसी साधनात मोडेममधल्या प्रोफाइलींची यादी आली. निवड अमेरिकेतल्या एका कंपनीच्या प्रोफाइलवर अडकली होती. त्याच यादीतली सर्वसाधारण जागतिक प्रोफाइल निवडून फोन बंद-चालू केला. चाचणीच्या पडद्यावर नोंदणी झाल्याचं उमटलं आणि वरच्या पट्टीत वाय-फायच्या खुणेशेजारी रिसीव्हरचं चिन्ह आलं. घरातल्या आजींनी आतल्या खोलीत, पलंगावर बसूनच पुण्याला लेकीशी पोटभर बोलून घेतलं.

मर्यादा तरीही राहतात. बोलत बोलत अंगणात गेलं तर कॉल वाय-फायवरून व्होल्टीवर सरकतो, पण त्यासाठी बाहेर ४जीची रेंज हवी. या घरी गोठ्यापाशी ती नाही, तिथे कॉल तुटतो. बूटलोडर उघडा असल्याने काही बँकांची आणि यूपीआयची अ‍ॅप चालायला नकार देतात, म्हणून पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर ठेवले. अपडेट आलं की रूट जातं आणि नवी बूट फाइल पुन्हा बदलावी लागते. बूटलोडर पुन्हा बंद केला तर डेटाबरोबर अँड्रॉइडमधल्या ओळीही पुसल्या जातात. मोडेमची निवड बहुधा टिकते, मात्र सिम बदललं तर तीही बदलू शकते. बाहेरून बसवलेल्या कस्टम रॉममध्ये आयएमएसचा भागच नसेल, तर कोणत्याही ओळीचा उपयोग होत नाही.

पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर वाय-फाय कॉलिंगही, मग ११२ लावायलासुद्धा ओटाच गाठावा लागतो. त्यामुळे राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.