रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा म्हटला की ऊस, ज्वारी आणि दुष्काळ आठवतो. पण त्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका म्हणजे भर सह्याद्री! १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर इथलेच. दिवाळी आटोपताच आम्ही चौघे या डोंगरांत तीन दिवस पायी हिंडणार आहोत. रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन घ्यायचे, रतनगड पाहायचा आणि कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करीत हरिश्चंद्रगड गाठायचा.

मुहूर्त दिवाळीनंतरचाच का? पावसाळ्यात धुके नि निसरडे खडक. उन्हाळ्यात झरे आटलेले. आता वाटा सुकतात आणि पाणीही मिळते. तरी प्रत्येकाने तीन लिटर पाणी, तांदूळ, मुगाची डाळ, गूळ, विजेरी आणि जाड कांबळे घ्यायचे. बाकी हौस घरी! पाठीवरचे ओझे चढणीवर दुप्पट होते.

खरा वाद झाला तो वाटाड्यावरून. भाचा म्हणतो, "मामा, फोनमध्ये नकाशा आहे की!" असेल; पण रानात गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात, आणि चुकलेली वाट थेट कड्यावर नेऊ शकते. तेव्हा वाटाड्या गावातलाच घ्यायचा, आणि दुपारी दोनपर्यंत खिंड आली नाही तर मुकाट्याने मागे फिरायचे. या दोन अटी मान्य केल्यावरच त्याच्या आईने होकार दिला.

सारे जमले, तर तिसऱ्या संध्याकाळी कोकणकड्यावर पालथे पडून पायाखालचे कोकण पाहू. न जमले, तरी डोंगर कुठे पळून जात नाही!