चार्ली कुठं आहे?

दोस्तांनो, तुमचा एखादा लाडका बँड आहे? असणारच! मग एका प्रश्नाचं अगदी खरं उत्तर द्या. त्या बँडमधला तुमचा सगळ्यात आवडता वादक गेला, आणि तरीही बँडनं नवा अल्बम काढला, तर तुम्ही तो ऐकाल?

मी नाही ऐकला. चांगले चार महिने ऐकला नाही. रुसून बसलो होतो म्हणा ना!

माझा बँड म्हणजे लंडनचा 'द रोलिंग स्टोन्स'. सुरू झाला १९६२ साली, म्हणजे माझ्याही जन्माआधी. शाळेत असताना मोठ्या भावाच्या मित्राकडे मी त्यांचं 'पेंट इट ब्लॅक' हे १९६६ सालचं गाणं ऐकलं आणि चमकलोच. इंग्रजी गाण्यात चक्क सतार! ती वाजवली होती ब्रायन जोन्सनं. कॅसेट मागून घरी आणली आणि इतकी वाजवली, इतकी वाजवली, की एके दिवशी आमच्या टेपरेकॉर्डरनं फीत गिळून टाकली. बोलणी खाल्ली, पण वेड काही गेलं नाही.

सगळी पोरं गायक मिक जॅगरवर नाहीतर गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सवर फिदा असायची. मला आवडायचा मागं बसलेला ड्रमर, चार्ली वॉट्स. एप्रिल २००३मध्ये स्टोन्स मुंबईला आले, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मी गर्दीत पार मागं उभा. जॅगर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतोय, लोक बेभान झालेत, आणि चार्ली? हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखा शांत! चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. पण सगळा बँड त्याच्या हातांवर चालला होता.

त्याची गंमत कळायला हवी असेल, तर आत्ता, इथंच एक प्रयोग करा. मासिक मांडीवरून खाली ठेवा. तोंडानं म्हणा, 'एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्'. उजव्या हातानं प्रत्येक शब्दावर मांडीवर टिचकी मारा. ही झाली झांज. डाव्या हातानं फक्त 'दोन' आणि 'चार'वर जोरात थाप द्या. हा झाला ड्रम. बहुतेक ड्रमर असंच वाजवतात. आता चार्लीसारखं करायचं. डावी थाप पडेल तेव्हा उजवा हात उचलायचा, टिचकी गाळायची. जमतंय? सुरुवातीला हात भांडतात! पण जमलं की थाप कशी मोकळी, एकटी ऐकू येते बघा. तबल्यात 'खाली' आली की डग्गा गप्प होतो आणि ठेक्याला श्वास घ्यायला जागा मिळते ना, काहीसं तसंच.

२४ ऑगस्ट २०२१ रोजी चार्ली वारला. वय ८०. त्यातली ५८ वर्षं तो स्टोन्समध्ये होता. त्या दिवशी मी एकही गाणं लावलं नाही.

आणि मग २० ऑक्टोबर २०२३ला नवा अल्बम आला, 'हॅकनी डायमंड्स'. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी तब्बल १८ वर्षांनी काढला होता. आधीचा होता २००५ सालचा 'अ बिगर बँग'. मध्ये २०१६ला एक आला, पण त्यात सगळी दुसऱ्यांची जुनी ब्लूज गाणी होती. हॅकनी हा लंडनचा एक भाग. चोरीत फोडलेल्या काचांचा चुरा रस्त्यावर चमकतो, त्याला बोलीत 'हॅकनीचे हिरे' म्हणतात. नाव झकास होतं. पण ड्रमवर होता स्टीव्ह जॉर्डन. वर्तमानपत्रात आलं होतं, की चार्लीनं २०१९ साली वाजवून ठेवलेल्या ड्रमवरची दोन गाणीही यात आहेत. कुठली ते मी मुद्दामच वाचलं नाही. म्हटलं, चार्लीविना स्टोन्स म्हणजे मिठाविना वरण!

माझी चौदा वर्षांची भाची सुट्टीत आमच्याकडं आली होती. तिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, तू न ऐकताच नावं ठेवतोस?"

"मला ऐकायची गरजच नाही. चार्लीची थाप मी झोपेतही ओळखीन."

"मग लावू पैज? हरलास तर आठवडाभर भांडी तू घासायची."

मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. शेवटचं गाणं तिनं बाजूला ठेवलं, कारण त्यात ड्रमच नाहीत. उरलेली अकरा गाणी उलटसुलट क्रमानं लावली. मी ऐटीत डोळे मिटले.

तिसरंच गाणं सुरू झालं आणि मी ओरडलो, "चार्ली!" ते होतं 'लिव्ह बाय द सोर्ड'. बरोबर! त्यात १९९३ला बँड सोडून गेलेला बिल वायमनही बासवर परत आलेला आणि पियानोवर एल्टन जॉन. माझी कॉलर ताठ झाली. मग एक नाचरं, चकचकीत गाणं आलं. मी नाक मुरडलं. "हा जॉर्डन. चार्ली असलं वाजवणार नाही." पुढं एक सैल, मजेत झुलणारं गाणं लागलं. मला एकदम जुने दिवस आठवले. "हा चार्ली! शंभर टक्के!"

भाची इतकी हसली की तिला ठसका लागला.

नाचरं गाणं होतं 'मेस इट अप', आणि ड्रमवर होता चार्ली. ज्याच्यावर मी शिक्का मारला, ते होतं 'ड्रायव्हिंग मी टू हार्ड', आणि वाजवत होता जॉर्डन!

आठवडाभर भांडी घासली. घासता घासता विचार केला. मी चार्लीला ऐकत नव्हतोच. माझ्या मनात बसलेल्या चार्लीला शोधत होतो. खरा चार्ली त्याच्यापेक्षा मोठा होता, त्याला नाचरं वाजवायलाही मजा येत होती. आणि जॉर्डन काही परका नव्हे. १९८८मध्ये कीथनं एकट्याचा अल्बम काढला, तेव्हा जॉर्डनच सोबत होता. कीथनं सांगून ठेवलंय, की दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायची वेळ आली तर याला घे, असं खुद्द चार्लीनंच सुचवलं होतं. चार्लीनं निवडलेल्या माणसावर मी चार्लीच्या नावानं रुसलो होतो!

मग अल्बम पुन्हा नीट ऐकला. सगळं आवडलं असं नाही हं. आवाज फारच घासूनपुसून लख्ख केलाय. १९७२च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'मध्ये गर्दीतून माणूस हुडकावा तसे शब्द हुडकावे लागतात, ती मजा इथं नाही. पण 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' ऐकाच. सात मिनिटांहून मोठं गाणं. सोबत लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर. संपलं संपलं म्हणेतो पुन्हा पेटतं! अल्बम आला तेव्हा जॅगर ८० वर्षांचा होता, बरं का.

आणि ते बाजूला ठेवलेलं शेवटचं गाणं? ते मडी वॉटर्सचं १९५० सालचं. बँडनं आपलं नाव त्याच्यावरूनच घेतलं. १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनवर मिक आणि कीथ हे लहानपणचे सवंगडी पुन्हा भेटले, तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्सचीही तबकडी होती. इथं दोघंच आहेत. एक गिटार, एक माउथ ऑर्गन, एक आवाज. मागं थाप नाही. ती जागा रिकामीच ठेवलीय.

मी पुन्हा डोळे मिटले. या वेळी पैज नव्हती. भाची शेजारी बसली होती आणि तिचा हात मांडीवर हळूच ठेका धरत होता. 'दोन' आणि 'चार'वर उजवा हात उचलून.