आठवणीला जोड

आमच्या जांबेविषयी दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली इथला, ही पहिली. आणि ‘सावधान’ ऐकताच ते लग्नमंडपातून पळाले, असं म्हणतात, ही दुसरी. बाकी सावधपणाचा गुण गावात उरला असेल तर तो माझ्या वाट्याला आलेला नाही. संगणकाच्या पडद्यावर सावधगिरीची सूचना उमटली की मी न वाचता ‘ओके’ दाबतो.

तर आमचा २०१३ सालचा लॅपटॉप थकला. बटण दाबून मी दाढी, आंघोळ, पूजा उरकून यावं, तरी स्वारी विचारातच! समर्थ लहानपणी अडगळीत लपून विश्वाची चिंता करीत बसले होते म्हणे. यानंही तेच व्रत घेतलं असावं. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. नवा घ्यायचा तर चाळीस हजार. तेवढे पैसे माझ्या बँकेत होते, पण माझे नव्हते.

“बाबा, रॅम वाढवा,” मुलगी म्हणाली. आण्णांनी ‘राम’ ऐकून हात जोडले.

मी आण्णांना बँकेच्या भाषेत समजावलं. हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम आणि रॅम म्हणजे कारकुनाचं टेबल. टेबल लहान असलं की दर लेजरसाठी उठून रेकॉर्ड रूम गाठायची, आणि गिऱ्हाईक खिडकीत ताटकळत. आण्णांनी मान डोलावली. १९७२ च्या दुष्काळात कोणता बैल कितीला विकला, हे आण्णा आजही रुपया-पैशांनिशी सांगतात. सकाळचा चहा झाला की नाही, एवढंच त्यांना आठवत नाही.

एसटीनं जालन्याला जाऊन चार जीबीची पट्टी आणली. घरी पाहतो तर खाच जुळेना. ती डीडीआर-४, आमची डीडीआर-३! दुसऱ्या खेपेला जुनी पट्टीच खिशात घालून नेली. दुकानदारानं चिठ्ठी वाचून १.३५ व्होल्टची दिली. व्होल्ट बघून खरेदी मी आयुष्यात पहिल्यांदाच केली. मग बॅटरी काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला (सौ.ला वाटलं, मी कपाटाची शपथ घेतोय), पट्टी तिरकी सरकवून दाबली. ‘टक्’!

पडद्यावर आलं: मेमरी आठ जीबी, वापरण्याजोगी सव्वातीन. म्हणजे पूर्वी होती तेवढीच! आमची विंडोज ३२ बिटांची. तिला पत्ते लिहिता येतात ४,२९,४९,६७,२९६. त्यापुढे जागा आहे, पण पत्त्याला रकानाच नाही. हे मला लगेच पटलं. रकान्यात न मावणारी रक्कम अस्तित्वातच नसते, हे कारकुनाला शिकवावं लागत नाही. मुलीनं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि रात्री जागून ६४ बिटांची विंडोज चढवली.

सकाळी दाढीचा साबण लावतोय तोवर लॅपटॉप हजर! आण्णा माझ्यामागे येऊन उभे होते. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “असली एखादी पट्टी माझ्यात बसतीय का रे?”

मला पटकन काही सुचेना.

“आण्णा, चहा घेता ना?” सौ.नं आतून विचारलं.

“घेतो की. सकाळपासून कुठं झालाय?”

तो तिसरा कप होता. तिनं पूर्ण भरून दिला.