तीन राजे आणि मावशी

चांगली पानं येणं हे नशीब. त्या पानांचे पैसे होणं ही विद्या. आणि ही विद्या हुशार माणसांपुढे काही कामाची नाही. त्यासाठी तीन पत्तीच्या डावाला आमच्या मावशीसारखं कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

आधी हिशेब सांगतो. बावन्न पानांतून तीन पानं येण्याचे २२,१०० प्रकार. त्यांतले १६,४४० म्हणजे निव्वळ रद्दी. ना जोडी, ना रंग, ना ओळीनं पानं. तिकडी लागण्याचे प्रकार फक्त ५२, म्हणजे ४२५ हातांत एकदा. गणपतीच्या जागरणाला रात्रभरात शंभर डाव झाले, तर तीन राजांचं किंवा निदान तीन दुर्‍यांचं दर्शन व्हायला सरासरीनं चार गणपती जावे लागतात! असा पाहुणा दारी यावा, सगळ्यांनी धडाधड पानं टाकावीत आणि हाती नुसते बुटाचे पाच रुपये लागावेत, यासारखं दुःख नाही.

आमचे भाऊजी हे दुःख देण्यात पटाईत. आपण चाल वाढवली की ते चष्म्यावरून आपल्याकडे बघतात आणि पॅक. मावशी फक्त चिवडा पॅक करते. हातात एक्का, सत्ती, तिर्री असली तरी "एक्का आहे बाई!" म्हणून ती ठाण मांडून बसते. वर "बघू तर खरं, तुझ्याकडे काय आहे ते!"

लोक इथेच चुकतात. तिकडी लागली की चेहरा पाडतात, उसासे टाकतात, बिचकत बिचकत चाल देतात. अहो, हे नाटक बघतंय कोण? मावशी तुमच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. ती तिच्या एक्क्याकडे बघत असते. म्हणून तिला थाप मारण्यातही अर्थ नाही. थाप मारायची तर समोरच्यानं घाबरायला नको का? तेव्हा रद्दी असली की मुकाट्यानं पानं टाकावीत, आणि तिकडी असली की नियमात बसेल तेवढी मोठी चाल, तीही पहिल्यापासून, गप्पा मारत मारत द्यावी. शो मात्र आपण मागू नये. तो मागायची हौस मावशीला, तिनंच पैसे भरून मागावा.

आणि ती मागते. ऐंशी रुपये घालवून तीन राजे बघते आणि खूश होऊन म्हणते, "तीन राजे! मग बरोबर आहे."

फक्त एक पथ्य पाळावं. एक डोळा तिच्या बटव्यावर असावा. तो रिकामा झाला की मावशी "झोपते रे बाबांनो" म्हणून उठते. मग उरतात भाऊजी. आणि भाऊजींपुढे तीन एक्के आले काय नि तीन दुर्‍या आल्या काय, बुटाचे पैसे तेवढे आपले!