अटलांटातील कुंपणाचा तुकडा

परदेशाहून परतलेल्या माणसाकडे आप्तेष्ट मोठ्या उत्सुकतेने 'काय काय पाहिले' याची यादी मागतात. आमच्या यादीत अटलांटा शहरातील एक वाहनतळ आहे, हे ऐकून इंदूरची मंडळी मनमुराद हसली.

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही उभयता पुतण्याकडे अटलांटास गेलो होतो. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर आणि त्याच परिसरातील महात्माजींचा पुतळा यथासांग पाहून झाल्यावर आम्ही पुतण्यास म्हटले, "आता हँक आरन यांची जागा दाखव." तो म्हणाला, "काका, तिथं आता नुसत्या गाड्या उभ्या राहतात. काय पाहणार तुम्ही?" तरीही बिचारा घेऊन गेला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. येथील जुने क्रीडांगण २ ऑगस्ट १९९७ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आले. शेजारी नवे बांधले होते, पण २०१७ मध्ये अटलांटाचा 'ब्रेव्हज्' संघ तेही सोडून शहराबाहेर गेला. जुन्या मैदानाची जमिनीवर आखलेली रूपरेषा आणि कुंपणाचा एक तुकडा एवढेच आम्हांस दिसले. त्या तुकड्यावर आकडा होता ७१५.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. बॅट गोल सोट्यासारखी, मैदान पाव वर्तुळाच्या आकाराचे, आणि चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. तो सीमेवरील कुंपणापार भिरकावला की 'होम रन' होतो व फलंदाज चारही थांबे फिरून सावकाश घरी परततो. ज्यांच्या आजोबांनी होळकर संघाच्या कर्नल सी. के. नायडूंचे षटकार डोळ्यांनी पाहिले, त्या इंदूरकरांना यातील आनंद निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

बेब रूथ या गोऱ्या फलंदाजाचा ७१४ होम रनांचा उच्चांक १९३५ पासून अढळ होता. तो मोडणारे हँक आरन कृष्णवर्णीय. जन्म ५ फेब्रुवारी १९३४, अलाबामा राज्यातील मोबील गावी. घरची गरिबी, म्हणून बाटल्यांची बुचे काठीने टोलवून त्यांनी सराव केला. आपल्याकडील मुले विटीदांडू खेळतात, तसेच म्हणा ना. १९५२ मध्ये ते 'इंडियानापोलिस क्लाउन्स' या कृष्णवर्णीयांच्या संघातून खेळू लागले. त्या वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये संघाने एका उपाहारगृहात न्याहारी केली. खाऊन होताच आतून खळ्ळकन आवाज येऊ लागले. काळ्या खेळाडूंनी ज्या ताटल्यांत खाल्ले, त्या ताटल्या स्वयंपाकघरात फोडल्या जात होत्या! हा आवाज आरन जन्मभर विसरले नाहीत.

१९५४ मध्ये ते मिलवॉकीच्या 'ब्रेव्हज्' संघात आले, १९५७ मध्ये संघाला जगज्जेतेपद मिळवून दिले आणि १९६६ मध्ये संघाबरोबर अटलांटास आले. दक्षिणेत परतणे त्यांच्या मनाविरुद्धच होते. त्यांच्या खेळात भपका नव्हता. एका हंगामात ४७ च्या वर होम रन त्यांनी कधीच मारले नाहीत. रूथने १९२७ मध्ये ६० मारले होते. परंतु १९५५ पासून सलग वीस हंगाम दरवर्षी वीस किंवा अधिक, हे मात्र रूथलाही साधले नाही. शिक्षकी पेशातील माणसास या सातत्याचे मोल चटकन कळते, एवढे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

उच्चांक जवळ आला तशी पत्रे येऊ लागली. १९७३ या एका वर्षात सुमारे ९ लाख ३० हजार! बरीच कौतुकाची होती, पण कित्येकांत अश्लील शिव्या आणि ठार मारण्याच्या धमक्या होत्या. संरक्षणासाठी अंगरक्षक ठेवावा लागला. ८ एप्रिल १९७४ च्या रात्री ५३,७७५ प्रेक्षकांसमोर अल् डाउनिंग याच्या चेंडूवर ७१५ वा होम रन गेला. डाउनिंगही कृष्णवर्णीय, आणि दोघांच्याही पाठीवर ४४ हाच अंक होता. आरन थांबे फिरत असता दोन गोरे तरुण धावत त्यांच्या अंगाशी गेले. धमक्यांची वार्ता ठाऊक असणाऱ्यांचा श्वास त्या क्षणी थांबला असेल. तरुणांनी फक्त पाठ थोपटली. मग आईने येऊन लेकाला कवटाळले. तिच्या मिठीत इतके बळ असेल असे आपल्याला ठाऊक नव्हते, असे आरन पुढे सांगत.

हे सारे ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, काय लोक होते हो इथले!"

आम्ही मान डोलावणार होतो, पण डोलावली नाही. १९७८ च्या सुमारास, आमच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, गावच्या नदीकाठी आम्ही मुले क्रिकेट खेळत असू. पलीकडच्या वस्तीतील एक मुलगा आमच्याकडून गोलंदाजी करी. त्याच्यावाचून एकही सामना आम्ही जिंकलो नसतो. तहान लागली की सगळे लोट्याने पाणी पीत, आणि त्याने मात्र ओंजळ धरायची, कोणीतरी वरून ओतायचे. कोणी शिकवले नव्हते, चालत आलेले होते. ओतणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याचे नाव आम्हांस स्वच्छ आठवते. येथे लिहीत नाही, कारण ते त्याला विचारून लिहावे, आणि विचारावयास तो आज कोठे आहे हे ठाऊक नाही. पुतण्यास हे तेथेच, उन्हात उभे राहून सांगितले. तो काही बोलला नाही.

आरन १९७६ मध्ये ७५५ होम रनांवर निवृत्त झाले. २००७ मध्ये बॅरी बाँड्सने तो आकडा ओलांडला, पण त्याच्याभोवती उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांचे मळभ होते. पुष्कळ शौकीन अजून ७५५ च मानतात. द्वेषाची ती पत्रे आरन यांनी फाडली नाहीत, जपून ठेवली.

२२ जानेवारी २०२१ रोजी ते अटलांटातच निवर्तले. बातमी वाचून आम्ही त्या दिवशीचे छायाचित्र शोधून काढले. सौभाग्यवती कुंपणाला टेकून उभ्या आहेत, ७१५ मधला ५ त्यांच्या पदराआड गेला आहे आणि मागे कोणाची तरी लाल मोटार उभी आहे.