मागच्या बाकावरचा मास्तर

टांझानियात शिक्षकाला 'म्वालिमु' म्हणतात. देशाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे राजकारणात येण्यापूर्वी शाळेत शिकवत असत. पुढे अध्यक्षपद आलं आणि गेलं, पण लोकांच्या तोंडी ते म्वालिमुच राहिले. शिक्षकाला असा मान असलेल्या देशात, इरिंगाच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात, निवृत्तीनंतर मी गणिताचा स्वयंसेवक शिक्षक म्हणून राहिलो. त्याआधीची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळांत झालेली.

लाल माती, मक्याची शेतं आणि जून-जुलैत हुडहुडी भरवणारी थंडी. मुलं आधी शाळेचं आवार झाडायची, मग रांगा धरायची. वाटेत भेटलेलं पोर 'शिकामू' म्हणत नमस्कार करायचं आणि 'मराहाबा' हे उत्तर घेऊनच पुढे जायचं. दुपारी मक्याच्या पिठाची उगाली आणि घेवड्याचं कालवण. मी तिथे सुखात होतो. पण लिहायचं आहे ते वर्गाबद्दल.

तिथल्या सरकारी शाळांत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत. माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे फॉर्म वनला, मूल पोचलं की स्वाहिलीचा तास सोडून बाकी सगळं इंग्रजीत. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्यांना हा धक्का ठाऊक आहे. तिथे तो आणखी कोवळ्या वयात बसतो. त्रिकोणाचं क्षेत्रफळ इंग्रजीत विचारलं की मुलगी खाली बघायची. तेच वर्गावरच्या मॅडमनी स्वाहिलीत विचारलं की उठून फळ्यापाशी जायची आणि पाया, उंची दाखवून उत्तर काढायची. गणित तिला येतच होतं. मॅडम आधी स्वाहिलीत समजावत, मग तेच फळ्यावर इंग्रजीत लिहीत. नियमाला हे धरून नव्हतं, पण शिकणं त्यातूनच होत होतं, आणि हे कसब मला कुठल्याही पदवीने मिळालं नसतं.

म्हणून मी वर्ग मागितला नाही. मागच्या बाकावर बसलो. संध्याकाळी मॅडमबरोबर उदाहरणं काढायची, वह्या तपासायच्या, मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर घेऊन बसायचं. त्यासाठी मोडकीतोडकी स्वाहिली रोज घासावी लागली. न्येरेरेंनी शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणलं होतं. ती भाषा शेक्सपिअर पेलते, तर फॉर्म वनची भूमिती तिला जड का व्हावी? हा प्रश्न तिथल्या अनेक शिक्षकांच्याही मनात आहे.

पाहुण्या शिक्षकांच्या हकिकती मॅडमकडून ऐकल्या. लांबून कुणी पंधरा दिवसांसाठी येतो, वर्ग हातात घेतो, इंग्रजी गाणी म्हणवून घेतो, फोटो काढतो. तेवढे दिवस गावचा शिक्षक भिंतीला टेकून उभा. पाहुणा गेल्यावर अभ्यासक्रम अर्धवट, आणि मुलांच्या मनात एक खूण राहते, की खरा शिक्षक तो बाहेरून आलेला. ही खूण मला सगळ्यात घातक वाटते. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ साली मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन तरुणांना स्पष्ट सांगितलं होतं, की पाहायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. त्यांचा राग मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. २०१६पासून टांझानियात फॉर्म फोरपर्यंत सरकारी शाळांची फी बंद झाली, आणि वर्ग भरून वाहू लागले. खेड्यात गणित-विज्ञानाला शिक्षक कमीच. अशा ठिकाणी एक जाणता माणूस उपयोगी पडतो, मात्र त्याने तिथल्या शिक्षकाच्या मागे उभं राहिलं पाहिजे. मॅडम उद्याही तिथे असणार आहेत, आपण नसणार.

आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांकडे उमेद आहे, वेळ आहे, आणि अपुऱ्या साधनांत वर्ग चालवायची सवयही आहे. त्यांनी जरूर जावं. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. गेलात तर ते अख्खं वर्ष थांबा, वर्ग मॅडमच्याच हाती राहू द्या, आणि स्वाहिलीचा अभ्यास इथूनच, विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी सुरू करा.