अडीच फूट

बालाघाटच्या आमच्या घरात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक काळा दगड लावलेला असतो. भरवेलीच्या खाणीतलं मॅंगनीज. पाहुण्यांची पोरं तो सहज उचलायला जातात आणि वाकलेलीच राहतात. दगड दिसतो मूठभर, भरतो पसाभर.

परवा नागपुरात मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय पाहिलं. ते 2002 साली उघडलं. शेजारच्या कारखान्यात छोट्या गाड्यांची डागडुजी व्हायची, म्हणजे हे त्यांचं माहेरच. वाफेच्या इंजिनाजवळ गेलो तर नाक सवयीने कोळसा हुंगू लागलं. आला तो ताज्या रंगाचा वास.

मग रुळांशी उभा राहिलो. मधलं अंतर 762 मिलिमीटर, अडीच फूट. लहानपणी हे ओलांडायला मला उडी लागायची. आता एक पाऊल पुरलं आणि उगीच वाईट वाटलं.

विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत हीच अरुंद वाट नेली. रूळ अरुंद असले की वळणं आखूड घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो. आम्ही तिला ‘छोटी लाइन’ म्हणायचो. डब्यात समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, त्यामुळे ओळख टाळताच यायची नाही. परक्या बाईच्या डब्यातली जवसाची चटणी मी याच गाडीत पहिल्यांदा खाल्ली.

2015 मध्ये बालाघाट-नैनपूरची छोटी गाडी थांबली. मोठी लाइन साडेपाच फुटांची, म्हणजे बरोबर तीन फुटांनी रुंद. त्या तीन फुटांत दवाखान्यात वेळेवर पोचणारं आजारी पोर बसतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची? चटणीपुरती जागा मात्र त्यांत सापडत नाही.

घरी परतलो. दगड दाराशी होता. मॅंगनीज मिसळलं की पोलाद चिवट होतं. रुळाच्या पोलादातही ते असतं. रात्री लांबून मोठ्या गाडीची शिटी आली. तिच्या चाकांखाली या दगडाचा एखादा भाऊबंद असेल. वाऱ्याने दार हललं. दगड हलला नाही.